डायलिसिस चालू असताना बीपी का पडतं? रुग्ण आणि नातेवाइकांचे नेहमीचे प्रश्न

हे पान मशीनवरच्या डायलिसिसबद्दल, म्हणजे हिमोडायलिसिसबद्दल आहे. पोटाच्या डायलिसिसचा उल्लेख शेवटाकडे येईल. इथले आकडे विषय समजावा म्हणून दिले आहेत. गोळी बंद करणं, ड्राय वेट (जास्तीचं पाणी निघून गेल्यावरचं वजन) बदलणं असले निर्णय तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टशी बोलूनच घ्यायचे.

मशीनला लावताना बाबांचं बीपी १५० असतं आणि तिसऱ्या तासाला ९० वर येतं. मधल्या वेळात नेमकं काय होतं?

मशीन एकाच वेळी दोन कामं करत असतं. युरिया, पोटॅशियमसारखी घाण रक्तातून काढणं हे एक, आणि अंगात साठलेलं जास्तीचं पाणी काढणं हे दुसरं. बीपी पडण्याचा संबंध बहुतेक वेळा या दुसऱ्या कामाशी असतो.

मशीनला पाणी फक्त रक्तातूनच काढता येतं. साठलेलं पाणी मात्र बरंचसं रक्ताबाहेर असतं: पायांच्या सुजेत, पोटात, फुप्फुसांत, पेशींच्या भोवतालच्या जागेत. रक्तातलं पाणी कमी झालं की हे बाहेरचं पाणी हळूहळू झिरपत रक्तवाहिन्यांत येतं. विहिरीवर मोठा पंप बसवला आणि झरे बारीक असले की काय होतं, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. आजूबाजूच्या जमिनीत पाणी असतं, पण विहीर तळाला जाते. पायांना सूज असतानाही बीपी पडतं ते यामुळेच.

आकड्यांत पाहा. साठ किलोच्या माणसाच्या अंगात साधारण चार ते साडेचार लिटर रक्त असतं आणि त्यातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, अडीच-तीन लिटर. एका डायलिसिसमध्ये तीन लिटर पाणी काढायचं म्हणजे जवळजवळ सगळ्या प्लाझ्माइतकं पाणी चार तासांत बाहेर जाणार आणि तितकंच बाजूने आत यायला हवं.

हा तोल सांभाळायला शरीराकडे दोन युक्त्या असतात. हृदय जोराने आणि भरभर चालतं, रक्तवाहिन्या आकसतात. पण जुन्या मधुमेहात या वाहिन्यांना हुकूम देणाऱ्या नसा मंदावलेल्या असतात, वर्षानुवर्षांच्या बीपीने हृदयाच्या भिंती जाड आणि ताठ झालेल्या असतात, वयामुळे सगळीच यंत्रणा सुस्त झालेली असते. सुरुवातीचे दोन तास शरीर निभावून नेतं. पुढे बाहेरचं पाणीही आटत येतं, झिरपण्याचा वेग मंदावतो, मशीनचा वेग मात्र तोच राहतो. म्हणून तिसरा-चौथा तास अवघड.

किती खाली गेलं तर त्याला लो बीपी म्हणायचं?

वरचं बीपी २० किंवा त्याहून जास्त उतरलं आणि सोबत त्रासही झाला (चक्कर, मळमळ, पायांत गोळे), तर त्याला डायलिसिसमधलं लो बीपी म्हणतात. दुसरा हिशेब आणखी सोपा आहे: वरचा आकडा ९० च्या खाली गेला की धोका मानायचा, त्रास होवो न होवो. ज्यांचं बीपी सुरुवातीलाच १६० किंवा वर असतं, त्यांच्यासाठी हा आकडा १०० धरावा असं अभ्यासांतून पुढे आलं आहे.

१७० वरून १४० वर आलं आणि पेशंट मजेत गप्पा मारतोय, तर घाबरायचं कारण नाही. पाणी निघाल्यावर बीपी थोडं उतरणारच, ते अपेक्षितच आहे.

बीपी पडणार हे आधी कळतं का?

बऱ्याचदा कळतं. एकामागून एक जांभया येऊ लागतात. अंगाला दरदरून घाम सुटतो, कान बंद झाल्यासारखे वाटतात, डोळ्यांसमोर अंधारी येते, मळमळतं, अचानक शौचाला लागल्यासारखं होतं. पोटरीत किंवा पायाच्या बोटांत गोळा येतो. म्हाताऱ्या माणसांत कधी यातलं काहीच दिसत नाही, फक्त बोलणं असंबद्ध होतं किंवा माणूस गप्प होऊन डोळे मिटतो. शेजारी बसलेल्या नातेवाइकाला वाटतं, झोप लागली.

आमची कळकळीची विनंती एकच. जांभई आली की सांगा. ‘सिस्टर कामात आहेत, थोडं थांबू’ असं म्हणत बसू नका. या टप्प्यावर यूएफ, म्हणजे पाणी काढण्याचा वेग, कमी केला तर पुढचं सगळं टळतं. दहा मिनिटांनी सांगितलं तर सलाईन द्यावं लागतं, आणि मग काढलेलं पाणी आपणच परत भरतो.

मशीनवर सहसा अर्ध्या तासाने किंवा तासाने बीपी मोजतात. ज्यांचं नेहमी पडतं त्यांचं शेवटच्या दोन तासांत दर १५ मिनिटांनी मोजायला सांगा. मशीनला बीपीचा पट्टा जोडलेला असेल तर वेळ लावून ठेवता येते. फिस्टुलाच्या (डायलिसिसच्या सुया टोचायला शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिनीच्या) हाताला मात्र पट्टा बांधू द्यायचा नाही.

पडल्यावर युनिटमध्ये काय करतात?

पाणी काढणं थांबवतात, पाठ खाली आणि पाय वर करतात, १०० ते २०० मिली नॉर्मल सलाईन सोडतात, लागला तर ऑक्सिजन देतात. मधुमेह असेल तर साखर तपासतात. पाच-दहा मिनिटांत बहुतेकांना बरं वाटतं. या वेळी पेशंटला उठवून बसवू नका, पाणी पाजू नका. उलटी येत असेल तर मान एका कुशीवर वळवा.

अल्ब्युमिनच्या (रक्तातल्या प्रथिनाच्या) बाटलीबद्दल अनेक जण विचारतात. ती महाग असते आणि अशा वेळी साध्या सलाईनपेक्षा तिचा खास फायदा अभ्यासात दिसलेला नाही.

हे तर आमच्या रांगेत प्रत्येकालाच होतं. इतकं काय मनावर घ्यायचं?

हाच समज आम्हाला सगळ्यात जास्त खटकतो. बीपी पडलं, सलाईन दिलं, घरी गेले. पुढच्या वेळी पुन्हा तेच, आणि चार महिन्यांनी घरातल्यांना ते चहा-बिस्किटाइतकं नेहमीचं वाटायला लागतं. एखाद्या वेळी झालं तर सोडून द्या. दर आठवड्याला होत असेल तर ते शरीराला महागात पडतं.

बीपी पडतं तेव्हा हृदयाच्या स्नायूलाच रक्त कमी मिळतं. डायलिसिस चालू असताना इको (हृदयाची सोनोग्राफी) केल्यावर काही पेशंटच्या हृदयाच्या भिंतीचे ठरावीक भाग नीट आकसत नाहीत असं दिसलं आहे, आणि हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिन्यांत ब्लॉक नसतानाही हे घडतं. सुरुवातीला तो भाग नंतर सावरतो. पण हा मार पुन्हा पुन्हा बसत राहिला तर हृदय कायमचं कमजोर होत जातं. कमजोर हृदयामुळे बीपी आणखी लवकर पडतं. हे चक्र सुरू व्हायच्या आधी थांबवणं सोपं असतं.

दुसरा फटका फिस्टुलाला. दाब कमी असला की फिस्टुलात रक्ताची गुठळी होऊ शकते. बीपी पडलेल्या दिवशी घरी आल्यावर आणि रात्री झोपण्याआधी फिस्टुलावर बोटं ठेवून थरथर लागते का ते पाहा. लागत नसेल तर सकाळची वाट पाहू नका, लगेच युनिटला फोन करा. गुठळी किती लवकर हाताळली जाते यावर फिस्टुला वाचणं अवलंबून असतं.

तिसरा फटका लघवीला. ज्यांना अजून थोडी लघवी होते, त्यांच्यासाठी ती सोन्याची आहे. दिवसाला अर्धा लिटर लघवी म्हणजे मशीनला काढावं लागणारं पाणी तितकं कमी. बीपी वारंवार पडलं की उरलेल्या किडनीचा रक्तपुरवठाही तुटतो आणि ही लघवी लवकर बंद होते.

आणखी एक, थोडं लपून राहणारं नुकसान. बीपी पडलं म्हणून मशीन अर्धा तास आधी बंद केलं की घाणही पूर्ण निघत नाही आणि पाणीही अंगात राहतं. पुढच्या वेळी जास्त काढावं लागतं. मग पुन्हा पडतं.

एका वेळी किती पाणी काढलेलं चालतं?

किती लिटर हे महत्त्वाचं आहेच, पण त्याहून जास्त महत्त्वाचं आहे ते किती वेगाने काढतो. जगभरात मानला जाणारा नियम असा की दर तासाला, शरीराच्या दर किलोमागे, १३ मिलीपेक्षा जास्त पाणी काढू नये. १० च्या आत राहिलं तर उत्तम.

हिशेब घरी करता येतो. ड्राय वेट ६० किलो, येताना वजन ६३. म्हणजे ३ लिटर. शेवटी रक्त परत देताना जाणारं सलाईन आणि मधला चहा मिळून ३०० मिली धरा. एकूण ३३०० मिली. चार तासांनी भागलं तर तासाला ८२५, आणि ६० किलोने भागलं तर १३.७. मर्यादेच्या बाहेर. हेच पाणी पाच तासांत काढलं तर आकडा ११ वर येतो. आणि वजन दोनच किलो वाढवून आलात, तर चार तासांतही तो १० च्या खाली राहतो.

लहान चणीच्या बायकांना हा नियम जास्त लागू पडतो. ४२ किलोच्या बाईच्या अंगातून तीन लिटर चार तासांत काढणं म्हणजे किलोमागे तासाला जवळपास १८ मिली. शेजारच्या ८० किलोच्या गृहस्थाचे तीन लिटर आरामात निघतात, पण ती तुलना करायची नाही.

आई पाणी मोजून पिते, तरी वजन तीन किलो वाढतं. कुठून येतं हे पाणी?

मिठातून. नऊ ग्रॅम मीठ अंगात गेलं की ते स्वतःसोबत साधारण एक लिटर पाणी धरून ठेवतं. नॉर्मल सलाईनच्या एका लिटरच्या बाटलीत नेमकं तेवढंच मीठ असतं, म्हणजे हे प्रमाण शरीराचंच आहे. मीठ खाल्लं की तहान लागते, आणि तहान लागलेल्या माणसाला ‘पिऊ नका’ असं सांगणं म्हणजे निव्वळ छळ. म्हणून पेल्यावर पहारा बसवण्याआधी मिठाच्या डब्याकडे बघा.

दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, आणि तोही दिवसभराच्या सगळ्या जेवणात मिळून. आपल्याकडे अडचण भाजी-आमटीपेक्षा ताटाच्या डाव्या बाजूची असते: लोणचं, पापड, चटणी, ठेचा, सांडगी मिरची. मग चार वाजताचं फरसाण आणि शेव. चहासोबतची खारी आणि टोस्ट. पावातही मीठ असतंच. वाटीभर ताक मीठ घालून प्यायलं तर दोन्ही चुका एकत्र.

आमटीत मीठ कमी केल्यावर पंधरा-वीस दिवस जेवण बेचव लागतं, मग जीभ रुळते. लिंबू, कोकम, आलं, लसूण, जिरं, मिरी यांनी चव आणा. एक धोक्याची सूचना: बाजारातलं ‘लो सोडियम’ मीठ आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं आणि डायलिसिसच्या पेशंटचं पोटॅशियम वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. सैंधव किंवा काळं मीठ ‘नैसर्गिक’ म्हणून चालतं हाही भ्रम आहे. तेही मुख्यतः सोडियमच.

मधुमेहींसाठी एक जादा गोष्ट. साखर ३०० च्या घरात राहिली तर तहान भागतच नाही. तिथे पाण्याचं वजन उतरवण्याचा रस्ता साखरेवरून जातो.

ड्राय वेट बरोबर आहे हे कसं ओळखायचं?

ड्राय वेट म्हणजे जास्तीचं पाणी निघून गेल्यावर, सूज नाही, दम नाही, बीपी बेताचं, अशा स्थितीतलं वजन. ते एकदा ठरवून फायलीवर लिहिलं की कायमचं झालं असं होत नाही, आणि बीपी पडण्याची निम्मी कोडी इथेच सुटतात.

डायलिसिस सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांत अनेकांची भूक परतते. मळमळ जाते, दोन घास जास्त जातात, अंगावर मांस चढतं. आता खरं वजन ५४ वरून ५६ झालं, पण फायलीत ५४ च आहे. मशीन दर वेळी दोन किलो मांस पाणी समजून काढायला जातं. ते निघत नाही, निघतं ते रक्तातलं पाणी, आणि बीपी कोसळतं. पेशंट खाऊन-पिऊन सुधारतोय आणि बीपी मात्र नव्याने पडू लागलंय, असं दिसलं तर पहिला प्रश्न हाच विचारा: ड्राय वेट वाढवायला हवं का?

उलटही घडतं. टायफॉइड झाला, न्युमोनिया झाला, महिनाभर अन्न गेलं नाही, मांस झडलं. ड्राय वेट तेच ठेवलं तर मांसाच्या जागी पाणी साठतं आणि एका रात्री दम लागतो. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घामातून बरंच पाणी जातं, तेव्हा दोन डायलिसिसमधली वजनवाढ कमी होते. युनिटने सवयीने नेहमीचाच आकडा लावला तर फसगत होते.

तपासायचं कसं? पायांची सूज, मानेच्या शिरा, झोपल्यावर दम, घरचं बीपी, छातीचा एक्स-रे, इको, आणि काही ठिकाणी शरीरातलं पाणी मोजणारं यंत्र. एकट्या कुठल्याही खुणेवर भरवसा नको. डायलिसिसनंतर दोन दिवस अंग गळून जाणं, आवाज बसणं, शेवटच्या तासात गोळे येणं हे ड्राय वेट फार खाली असल्याचं लक्षण असू शकतं.

आणि वजनकाटा! एकदा चपला घालून, एकदा काढून. हिवाळ्यात स्वेटर, खिशात मोबाइल आणि किल्ल्या. येताना एका काट्यावर, जाताना दुसऱ्या. अर्ध्या-पाऊण किलोचा फरक असाच पडतो आणि तेवढं पाणी विनाकारण निघतं. दर वेळी सारखेच हलके कपडे, तोच काटा. आकडा स्वतः वाचा, कुणी ओरडून सांगितलेल्यावर विसंबू नका.

डायलिसिस चालू असताना डबा खाऊ द्यायचा का?

जेवल्यावर रक्त आतड्यांकडे वळतं. ज्याचं बीपी पडतं त्याच्यासाठी हे वाईट वेळी होतं. अशा पेशंटने मशीनवर पोटभर जेवू नये, गरम चहाही टाळावा. घरून दीड-दोन तास आधी खाऊन यावं आणि मशीन सुटल्यावर जेवावं. ज्यांचं बीपी कधीच पडत नाही आणि तब्येत खंगलेली आहे, त्यांना मात्र थोडं प्रथिनांचं खाणं दिलेलं बरं. अंडं चालतं. पोह्यांची भरलेली ताटली नको.

चतुर्थी-एकादशीला डायलिसिस आलं तर उपवास सोडा, ही आमची स्पष्ट शिफारस. रिकाम्या पोटी साखर पडते. आणि साबुदाणा-शेंगदाणे-बटाटा-रताळी या फराळातून पोटॅशियमही भरपूर जातं.

त्या दिवशी सकाळची बीपीची गोळी द्यायची की नाही?

सगळ्यांना एक उत्तर नाही, आणि ‘डायलिसिसच्या दिवशी गोळ्या बंद’ असा सरसकट नियम करणं आम्हाला पटत नाही. ज्यांचं बीपी मशीनवर पडतं त्यांना डॉक्टर सकाळचा डोस संध्याकाळी ढकलायला सांगतात. ज्यांचं मशीनवर उलट चढतं (असेही पेशंट असतात) त्यांनी गोळी चुकवली तर पंचाईत.

एटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल या गोळ्या डायलिसिसमध्ये बऱ्याच धुऊन जातात, तर अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, कार्व्हेडिलॉल जवळजवळ जात नाहीत. म्हणून गोळी कोणती आहे त्यावर वेळ ठरते. क्लोनिडिन किंवा मेटोप्रोलॉलसारखी गोळी मनाने एकदम थांबवू नका. बीपी किंवा हृदयाची गती उसळी मारते. प्रोस्टेटसाठी दिलेली गोळी, छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट यांनीही बीपी उतरतं आणि त्या किडनीच्या डॉक्टरांच्या फायलीत नोंदलेल्या नसतात. सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून महिन्यातून एकदा दाखवा.

बीपी पडू नये म्हणून गोळी असते म्हणे?

मिडोड्रिन. डायलिसिसच्या साधारण अर्धा तास आधी देतात, ती रक्तवाहिन्या आकसवते. काहींना छान उपयोग होतो. डोक्याच्या त्वचेला मुंग्या-खाज येणं, अंगावर काटा येणं हे तिचे नेहमीचे त्रास. गोळी घेऊन आडवं पडलं तर बीपी जास्त चढू शकतं. हृदयाचा गंभीर आजार असेल तर विचार करूनच देतात. पण ड्राय वेट चुकलंय, मीठ सुटत नाही, वेळ कमी पडतोय, आणि त्यावर ही गोळी, असं असेल तर तो मूळ दुखणं झाकण्याचा प्रकार झाला.

मशीनचं तापमान कमी केल्याने फायदा होतो का? बाबांना थंडी वाजते.

मशीनमधलं द्रावण (रक्तातली घाण ज्यात उतरते ते पाणी) गरम असलं की अंग तापतं, त्वचेच्या वाहिन्या पसरतात आणि बीपी उतरतं. म्हणून द्रावण ३७ ऐवजी ३६ किंवा ३५.५ अंशांवर ठेवायची पद्धत आहे. खर्च शून्य.

आधीच्या छोट्या अभ्यासांनी याची फार स्तुती केली होती. पण कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात ८४ केंद्रांमध्ये, १५ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत सगळ्यांनाच थंड द्रावण दिल्याने हृदयाचे आजार किंवा मृत्यू कमी झाले नाहीत, थंडी वाजल्याच्या तक्रारी मात्र वाढल्या. आमचं मत असं की ज्याचं बीपी खरोखर पडतं त्याच्यावर हा उपाय जरूर करून पाहावा, उपयोग दिसला तर ठेवावा, सगळ्या युनिटला सरसकट लावू नये. थंडी वाजली तर पातळ चादर चालेल. जाड रजई पांघरली की केलेलं सगळं वाया.

टेक्निशियन ‘सोडियम वाढवून देतो’ म्हणाले.

द्रावणातलं सोडियम वाढवलं की त्या दिवशी बीपी टिकतं. पण ते सोडियम अंगात जातं, घरी जाऊन तहान लागते, पुढच्या वेळी वजन जास्त. उधारीचा मामला आहे. एखाद्या दिवशी ठीक, दर वेळी नको.

घरी आल्यावर चक्कर येते. मीठ-साखरेचं पाणी किंवा नारळपाणी द्यावं का?

नारळपाणी नाही. त्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि डायलिसिसच्या पेशंटला ते घातक ठरू शकतं. इलेक्ट्रॉलचंही तसंच: पोटॅशियमही आणि मीठही. शेजारीपाजारी मायेने सुचवतात, त्यांना नम्रपणे नाही म्हणा.

आडवं करा, पाय उशीवर ठेवा, बीपी मोजा, मधुमेह असेल तर साखर मोजा. साखर कमी असेल तर तीन-चार चमचे साखर थोड्याशा पाण्यात. वरचं बीपी ९० च्या खालीच राहिलं किंवा गुंगी आली तर दवाखान्यात न्या.

खरं तर हा त्रास युनिटमध्येच बराचसा टाळता येतो. मशीन सुटल्यावर लगेच उठू नका. पाच मिनिटं पाय खाली सोडून बसा, मग उभं राहून बीपी मोजून घ्या, मग चाला. स्वतः दुचाकी चालवत जाऊ नका, मागच्या सीटवरही कुणी धरायला नसेल तर नको. एसटीने येणाऱ्यांनी पुढची गाडी पकडली तरी चालेल. पडून माकडहाड किंवा खुब्याचं हाड मोडलेले पेशंट प्रत्येक युनिटने पाहिलेले असतात.

कोणत्या वेळी हे नेहमीचं लो बीपी नाही असं समजायचं?

मशीन सुरू झाल्यावर पहिल्या काही मिनिटांतच बीपी पडलं तर. तेव्हा पाणी निघालेलंच नसतं, म्हणजे कारण दुसरं आहे: डायलायझरची (रक्त गाळणाऱ्या फिल्टरची) ॲलर्जी, हृदयाभोवती साठलेलं पाणी, जंतुसंसर्ग. थंडी वाजून ताप आला आणि मानेत कॅथेटर (डायलिसिसची नळी) असेल, तर तपासणीत नाही असं ठरेपर्यंत तो रक्तातला संसर्गच धरा. छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, काळी शौच, पोटात असह्य कळ किंवा रक्ताचे जुलाब यांत घरी जाण्याची घाई करायची नाही.

वर्षभर ठीक चाललेल्या पेशंटचं बीपी अचानक दर वेळी पडू लागलं तर ईसीजी, इको, हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन तपासून घ्या.

गोळे येतात, अंग गळतं. चारऐवजी तीन तासच केलं तर?

रुग्णाची ही मागणी समजते. पण तेच पाणी तीन तासांत काढायचं तर वेग एक-तृतीयांशाने वाढतो, आणि गोळे त्या वेगामुळेच येतात. त्रास होणाऱ्याला जास्त वेळ लागतो. ऐकायला उलटं वाटलं तरी साडेचार-पाच तास बसणारे पेशंट घरी ताजेतवाने जातात.

युनिटमध्ये तीन शिफ्ट चालतात, पाच तास कोण देणार? आणि योजनेतून आठवड्याला दोनच होतात.

हा प्रश्न पुस्तकात नसतो, पण आपल्याकडचा खरा प्रश्न हाच. सोमवार-गुरुवार असं दोनदाच डायलिसिस असलं की मधे तीन आणि चार दिवस जातात. चार दिवसांचं पाणी चार तासांत काढताना बीपी पडलं नाही तरच नवल. आठवड्यातून तीनदा ही जगभरातली नेहमीची पद्धत आहे आणि बीपी पडणाऱ्याला तिसरं डायलिसिस हे कुठल्याही गोळीपेक्षा मोठं औषध आहे.

२०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत मशीन आली आहेत; महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस आहे. तिसऱ्या डायलिसिससाठी काय करता येईल ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आणि समाजसेवा अधीक्षकांना विचारा. डॉक्टरांकडून ‘वारंवार बीपी पडतं, आठवड्यातून तीनदा आवश्यक’ अशी चिठ्ठी लिहून घ्या. शिफ्ट वाढत नसेल तर कमी गर्दीच्या शिफ्टला बदलून मागा. शेवटच्या पाळीत अर्धा तास कधी कधी मिळून जातो. आणि जोवर दोनदाच होतंय तोवर मोठ्या खंडाच्या शेवटच्या दोन दिवसांत मिठावर सगळ्यात कडक राहा. लघवी होत असेल तर ती वाढवणारी गोळी चालेल का तेही विचारा.

सगळं करून पाहिलं, तरी पडतंच. पुढे काय?

एक, आधी फक्त पाणी काढायचं आणि नंतर डायलिसिस करायचं, असे दोन टप्पे करता येतात. त्यात बीपी जरा बरं टिकतं, पण एकूण वेळ वाढवावा लागतो. दोन, हिमोडायफिल्ट्रेशन, म्हणजे रक्तातून बरंच जास्त पाणी गाळून काढत त्या जागी स्वच्छ द्रव भरत जाणारं मशीनवरचंच डायलिसिस. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या मोठ्या चाचणीत त्यावरच्या रुग्णांचे मृत्यू कमी दिसले. आपल्याकडे ते मोठ्या शहरांतल्या मोजक्या केंद्रांत मिळतं आणि खर्च जास्त.

तीन, पोटाचं डायलिसिस. त्यात पाणी दिवसभर थोडं थोडं निघतं, त्यामुळे अशी चार तासांची कोसळ होत नाही. हृदय फार कमजोर असलेल्यांसाठी हा पर्याय फार उशिरा सुचवला जातो, असं आम्हाला प्रामाणिकपणे वाटतं. घरात स्वच्छ कोपरा आणि हात धुऊन नीट काम करणारं एक माणूस असेल, तर गावात राहणाऱ्यांनी तो आधीच विचारून घ्यावा. प्रत्यारोपणासाठी योग्य असाल तर त्याची नोंदणी या सगळ्याच्या बरोबरीने सुरू ठेवा.

लग्नासाठी परगावी जायचंय. दुसऱ्या युनिटला काय सांगायचं?

एका कागदावर लिहून न्या: ड्राय वेट, नेहमी किती तास, यूएफची कमाल मर्यादा, द्रावणाचं तापमान, हेपॅरिनचा (रक्त गोठू नये म्हणून देतात त्या औषधाचा) डोस, डायलिसिसच्या दिवशीच्या गोळ्या, आणि मोठ्या अक्षरांत ‘तिसऱ्या तासाला बीपी पडतं’. मागच्या तीन डायलिसिसच्या चार्टचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. तिकडचा वजनकाटा वेगळा असणार, म्हणून निघण्याआधी आपल्या काट्यावर आणि पोहोचल्यावर तिथल्या काट्यावर, त्याच कपड्यांत वजन करून फरक टिपा. मधे काही खाल्लं-प्यायलं असेल तर तेही सांगा. डायलिसिस लग्नाच्या आदल्या दिवशी ठेवा; पंगतीतलं मठ्ठा-लोणचं पोटात गेल्यावर दुसऱ्या दिवशी अनोळखी युनिटमध्ये चार किलो काढायची वेळ आणू नका.